भूविज्ञान व फ्रेंच : अहिल्यानगर जिल्ह्यातील उच्च शिक्षण

अहिल्यानगर (2024 पर्यंत अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. विस्तार सुमारे 17 हजार चौ. किमी. येथील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय तर पुणे विद्यापीठापेक्षाही (1949) दोन वर्षांनी जुने.

जिल्ह्यात भूविज्ञान मुख्यतः भूगोलाच्या वर्गातून शिकवले जाते : प्राकृतिक भूगोल, भूरूपशास्त्र, नकाशावाचन, शेवटच्या वर्षी एखादी क्षेत्रभेट. खडकांचे सूक्ष्मदर्शीखालचे काम व खनिजशास्त्र शिकायला अनेक विद्यार्थी पुण्याची वाट धरतात. ही उणीव खटकते, कारण या विषयाला याहून चांगली भूमी शोधून सापडणार नाही.

जवळजवळ सारा जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर, वसला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे हे थरावर थर. अकोले तालुक्याच्या सीमेवरील कळसूबाई (1,646 मी.) हे राज्यातील सर्वोच्च शिखर सर्वांना ठाऊक असते, पण पश्चिम घाटातील लाव्हांची रासायनिक घटकांवरून विभागणी झाली तेव्हा त्यांतील सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या, उपसमूहाला ‘कळसूबाई’ हेच नाव मिळाले, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यावरचे लोणावळा आणि वाई. आपल्या तालुक्यातले नाव जगभरच्या शोधनिबंधांत आहे, हे अकोल्यातल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कळायला हवे.

थरांची ही रचना पाहायला डोंगरच चढावा लागतो असे नाही. पारनेर किंवा नगर तालुक्यातल्या खोल विहिरीच्या काठावर उभे राहिले तरी पुरते. वर माती, खाली मुरूम, मग पोकळ्यांचा ठिसूळ मांजऱ्या, त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. मधूनच दोन लाव्हांमधला तांबडा पट्टा. हा पट्टा म्हणजे एका लाव्हाचा पृष्ठभाग पुढचा लाव्हा येईपर्यंत उघडा पडून झिजल्याची खूण. पाणी लागते ते मांजऱ्यात आणि भेगांत. अखंड पाषाणात नाही. हिवरे बाजार गावाने पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. त्या हिशेबामागचे भूजलशास्त्रही हेच.

निघोज (ता. पारनेर) येथील रांजणखळगे हा जिल्ह्यातील भूरूपशास्त्राचा सर्वांत बोलका धडा. टाकळी हाजीच्या बाजूला पुणे जिल्हा, अलीकडे निघोज, मध्ये कुकडी नदी. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे कातळातल्या एखाद्या खोलगट जागी गरगर फिरतात, ती जागा घासत नेतात आणि हजारो वर्षांत तिथे रांजण कोरला जातो. शेजारचे दोन रांजण वाढत एकमेकांना भिडले की मधली भिंत फुटते. असे फुटत फुटत नदीने अरुंद घळ कशी कापली, ते इथे प्रत्यक्ष दिसते. काही रांजणांच्या तळाशी घासून गुळगुळीत झालेले गोटे अजून पडलेले असतात. ते हातात घेतल्यावर वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

प्रवरेचे खोरे वेगळ्या काळाचे. नेवाशाच्या गाळात व वाळूगोट्यांच्या थरांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना 1950 च्या दशकात अश्मयुगीन हत्यारे मिळाली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीचे नाव पडले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादलाही त्याच काळाचे अवशेष आहेत. नदीचा गाळ, पाऊसमान आणि माणसाची वस्ती यांचा संबंध शिकवायला एवढे पुरे.

फ्रेंचचा यात संबंध काय, असा प्रश्न सहज पडेल. पॅरिसचे भूभौतिकीतज्ज्ञ व्हँसाँ कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दख्खनच्या लाव्हांचे चुंबकत्व तपासून मोठे विधान केले. लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. बहुतेक थरांत ही दिशा आजच्या उलट आणि एकाच कालखंडाची निघाली. त्यामुळे उद्रेक काही कोटी वर्षे रेंगाळला नाही, तो दहा लाख वर्षांच्या आसपास उरकला आणि डायनोसॉर संपले त्याच सुमाराचा आहे, असे दिसले. निबंध इंग्रजीत होता. सामान्य वाचकांसाठीचे कूर्तियो यांचे पुस्तक मात्र 1995 मध्ये आधी फ्रेंचमध्ये आले.

पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तिथे प्रमाणपत्र, पदविका ते एम. ए. पर्यंत फ्रेंच शिकता येते. भाषेचे व्याकरण-संभाषण आधी, साहित्य पुढच्या पायऱ्यांवर, असा शिरस्ता. नगरच्या मुलांना मात्र त्यासाठी सुमारे 120 किमी दूर राहावे लागते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतील विषयाचे श्रेयांक घेण्याची मुभा दिली आहे. भूगोलाबरोबर फ्रेंच ही जोडी आता नियमात बसते. ती प्रत्यक्षात यायची, तर जिल्ह्यातल्या एखाद्या तरी महाविद्यालयाने भाषेचा शिक्षक आणि खडकांची प्रयोगशाळा या दोन्हींसाठी पदरचा खर्च करायला हवा.

तोवर निघोजची क्षेत्रभेट काढायची, तर ती पावसाळ्यात ठेवू नये. नदीला पाणी सोडलेले असतानाही कातळावर उतरू नये. गावात आधी चौकशी करूनच जावे.