तक्रार ‘मार्फत’ जाते, तिथंच घोळ आहे

२५ मार्च २०२१. मेळघाटातल्या हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांच्या पत्रात वरिष्ठाच्या छळाचे आरोप होते. लोकांसमोर शिवीगाळ, गरोदरपणात जंगलात पायी फिरवणं. आणि वरच्या साहेबांना सांगूनही काही झालं नाही, असंही होतं. एका अधिकाऱ्याला अटक झाली, दुसऱ्याचं निलंबन. दोष ठरवणं कोर्टाचं काम. माझा प्रश्न एवढाच, की त्या बाईनं जावं तरी कुठं?

हा प्रश्न जुनाच आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबरचं राज्य होतं. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, रजा त्याच्याच हातात, वरून दस्तुरीही त्यालाच. मग त्याच्याविरुद्धचं गाऱ्हाणं कोणाला सांगता बापा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दाबलेला राग मग कधी संपात, कधी मारामारीत फुटायचा.

१९३१ मध्ये कामगारविषयक रॉयल कमिशननं सांगितलं, की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढा, स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा. १९३४ च्या कायद्यानं मुंबई सरकारनं असा अधिकारी नेमला. १९४८ च्या कारखाने कायद्यानं पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आमच्या अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या गिरण्याही याच कायद्याखाली आल्या. धडा साधा होता : काम वाटणारा आणि तक्रार ऐकणारा एकच माणूस नको.

१९९७ च्या विशाखा निकालातून पुढं २०१३ चा कायदा आला, त्यातही हेच तत्त्व आहे. अंतर्गत समितीत एक सदस्य बाहेरचा लागतो. पण तो कायदा लैंगिक छळापुरता. रोजचा पाणउतारा, सूड म्हणून लावलेली ड्युटी, अडवलेली रजा, यासाठी सरकारी कचेरीत आजही अर्ज ‘मार्फत’च जातो. बहुतेकदा ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच मार्फत!

म्हणून जे साहेब, सुपरवायझर, मुकादम हे वाचत असतील त्यांना सांगतो. हाताखालच्याला चारचौघांत झापू नका, खोलीत बोलवा. तो तापला असेल तर आवाज तुम्ही आधी खाली आणा, त्याला बसवा, पूर्ण बोलू द्या. पहिल्या शिवीचीच नोंद करा, दहावीची वाट पाहू नका. दोघांत भांडण असेल तर चौकशी होईपर्यंत त्यांची कामं वेगळी करा, पण शिक्षा म्हणून तक्रारदाराचीच बदली नको. आणि तक्रार तुमच्याविरुद्ध असेल तर ती फाइल तुमच्या टेबलावर येताच कामा नये.

गिरण्यांना हे नव्वद वर्षांपूर्वी सांगून झालं होतं. कचेऱ्यांना कोण सांगणार?