खाज नेमकी कोण उठवतं?

हेडफोन लावा, आजचा विषय जरा खासगी आहे. बीटेकच्या दुसऱ्या वर्षी मला योनीत यीस्ट इन्फेक्शन झालं. मावशी म्हणाली, "तुझी इम्युनिटीच वीक आहे," आणि काढा सुरू केला. मलाही पटलं. खरं तर शास्त्रज्ञांचाही बरीच वर्षं असाच कयास होता.

मग १९८०च्या दशकात एड्स आला. टी पेशी घटल्या की पेशंटच्या तोंडात कॅन्डिडा बुरशी माजायची. योनीत मात्र हे गणित काही नीट जुळेना.

२००४ मध्ये अमेरिकेत पॉल फिडेल यांच्या टीमने धाडसच केलं. निरोगी स्वयंसेविकांच्या योनीत त्यांनी जिवंत कॅन्डिडा सोडली. बहुतेकींना काहीच त्रास झाला नाही. ज्यांना झाला, त्यांच्या स्रावात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची फौजच सापडली. म्हणजे खाज, जळजळ यात मोठा वाटा आपल्याच शिपायांचा! बरं, ती फौज तिथे बुरशीलाही धड मारत नाही. आम्ही सर्व्हरवाले हे ओळखतो: एरर एक, अलार्म हजार, आणि अलार्मच्याच ओझ्याने सिस्टिम झोपते.

अलार्म वाजवतं कोण, ते २०१६ मध्ये कळू लागलं. बुरशी गोल रूप सोडून लांब धागे काढते, तेव्हा कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडते. ते आपल्या पेशींना भोकं पाडतं.

मी शेवटी डॉक्टरबाईंकडे गेले, बुरशीविरोधी गोळी घेतली आणि सुटले. तोवर मावशीचा काढा दोन महिने पोटात गेला होता. पांढऱ्या पेशी बिचाऱ्या आधीच ओव्हरटाइम करत होत्या!