तळवलकर, गोविंद श्रीपाद

(२२ जुलै १९२५ – २१ मार्च २०१७). मराठी पत्रकार, निबंधकार व ग्रंथसमीक्षक. जन्म डोंबिवलीचा. तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा संस्कार झाला. ह. रा. महाजनी संपादक असताना ते ‘लोकसत्ते’त उपसंपादक होते. १९६२ मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला, तेव्हा संपादक द्वा. भ. कर्णिक यांचे सहायक म्हणून तिथे गेले. १९६८ पासून १९९६ पर्यंत त्या पत्राचे संपादकपद त्यांच्याकडे होते.

त्यांच्या अग्रलेखांचा राजकारणात दबदबा होता. १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार जावे असे सुचवणारा त्यांचा अग्रलेख आला आणि त्याच सुमारास शरद पवार मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्या सत्तांतराची हकिगत निघाली की या अग्रलेखाचा उल्लेख हटकून होतो. पण तळवलकरांचे खरे मोठेपण इथे शोधू नये. ते सापडते ‘वाचता वाचता’ या सदरात. नव्या इंग्रजी ग्रंथाचा विषय, लेखकाची बाजू, तिच्यातले कच्चे दुवे आणि त्याच विषयावरच्या आधीच्या पुस्तकांशी तुलना, एवढा ऐवज ते वर्तमानपत्राच्या मोजक्या जागेत बसवत. मुंबईचे ग्रंथालय ज्याच्या आवाक्यात नाही, अशा गावोगावच्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला यामुळे जगातल्या चर्चेत भाग घेता आला. दैनिकाने वाचकाला केवढे द्यावे, याचे हे माप आजही लावून पाहावे असे आहे. दिवंगतांवरचे त्यांचे लेख ‘पुष्पांजली’त आहेत.

‘सत्तांतर १९४७’, ‘नवरोजी ते नेहरू’ आणि ‘सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त’ हे त्यांचे इतिहासविषयक ग्रंथ. न्या. रानडे, टिळक व गोखले यांच्यावरही त्यांनी लिहिले. गोखल्यांचे चरित्र इंग्रजीतही आहे.

निवृत्तीनंतर ते अमेरिकेत मुलींकडे राहिले. लेखणी थांबली नाही. ‘साधना’ साप्ताहिकातून ते मराठी वाचकांना भेटत राहिले. पाश्चात्त्य देशांतील वैचारिक नियतकालिकांची ओळख करून देणारे ‘वैचारिक व्यासपीठे’ हे पुस्तक वृत्तपत्रांच्या अभ्यासकाने चुकवू नये. चांगले नियतकालिक संपादकाची दृष्टी, लेखकांचे स्वातंत्र्य आणि वाचकांची साथ यांवर उभे राहते, हे त्यातून नीट उलगडते. ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले.