‘मुबलक’ची मुशाफिरी

‘यंदा आंबा मुबलक आहे,’ असे आपण सहज म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी. ‘मबलग’ म्हणजे बेरीज जिथवर पोहोचते ती रक्कम. फारसी दप्तरांतून तो मराठीत आला आणि रकमेचा विपुलतेवर गेला. आयरिश ‘गो लोर’ म्हणजे पुरेसे. इंग्रजीत त्याचेही ‘गलोर’, म्हणजे भरपूर झाले.

आदिलशाहीतल्या बांद्याहून नारळ, मिरी एडन-होर्मूझला जात, असे पोर्तुगीज बार्बोझाने सोळाव्या शतकारंभी लिहिले आहे. अशा व्यापारात शब्दही प्रवास करतात. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी ‘मुबलक’ टिकला. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द हुकमाने जात नाही.