मातीचा वाटा

इतिहासाच्या तासाला मुले कधी कधी असा प्रश्न विचारतात की त्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. "सर, धोबीतलावाला तलाव कुठे आहे?" एकाने विचारले. त्याच्या मागच्या बाकावरून लगेच दुसरा म्हणाला, "आणि पायधुणीला पाय कुठे धुवायचे?" वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना मनाशी यादी करू लागलो आणि हसू मावळले. उमरखाडीत खाडी नाही. सी. पी. टँकला टँक नाही. दोन टाकीला एकही टाकी दिसत नाही. गोवालिया टँकवर मैदान आहे, आणि त्या मैदानावर ९ ऑगस्ट १९४२ चा इतिहास आहे. पाणी मात्र नाही. माणूस गेल्यावर भिंतीवर तसबीर राहावी, तशी ही नावे राहिली आहेत.

हे पाणी कोणी उगीच बुजवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई ही मुळात सात बेटांची. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी बेटांच्या पोटात शिरे. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, तेथे बांध पडला आणि समुद्र बाहेर राहिला. जमीन मिळाली, पण ती खोलगट थाळीसारखी. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी तिच्याहून वर चढते. पुढे याच सखल पट्ट्यात भराव पडले, गिरण्या आल्या, चाळी आल्या. जमीन मिळाल्याची नोंद आपण आनंदाने करतो. तिच्याबरोबर कायमचे एक ओझेही मिळाले, याची नोंद सहसा करीत नाही. पावसाचे पाणी तेथून आपण होऊन समुद्रात जात नाही. ते ओहोटीची वाट पाहत बसते.

तलावांची गोष्ट याहून निराळी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अनेक दानशूरांनी शहरात तलाव बांधले, विहिरी खणल्या. लोक ते पाणी पीत. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि जुन्या तलावांचे महत्त्व उतरले. मग १९११ साली डॉक्टर बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी करून अहवाल दिला: हिवतापाचे डास विहिरींत आणि टाक्यांत वाढतात. माणसे मरत होती. विहिरी झाकल्या गेल्या, तलाव बुजवले गेले. त्या काळच्या नगरपालिकेच्या खुर्चीत आपण बसलो असतो, तरी बहुधा हेच केले असते.

चुकले ते दुसरीकडे, आणि ते चुकणे इंजिनियरांच्या एका छोट्या आकड्यात टिपलेले आहे. जुन्या शहराच्या पावसाळी गटारांचा हिशेब असा होता: तासाला २५ मिलिमीटर पाऊस, वेळ ओहोटीची, आणि गुणक अर्धा. हा गुणक म्हणजे पडलेल्या पावसापैकी गटारात येणारा हिस्सा. अर्धा गटाराचा, उरलेला अर्धा मातीचा, झाडांचा, खड्ड्याखळग्यांचा. मातीने तो वाटा घ्यावा म्हणून कोणी तिला पगार देत नव्हते. तिचे नाव हजेरीपटावर नव्हते. म्हणूनच ती कामावरून कधी गेली, ते कोणाला कळले नाही.

ते मला कळले २६ जुलै २००५ रोजी, आणि तेही नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३. मी तेव्हा उपनगरातल्या एका शाळेत नवाच लागलो होतो. दुपारी पटांगणात पाणी आले, संध्याकाळी ते तळमजल्याच्या खिडक्यांना लागले. शंभरावर मुले रात्रभर वरच्या मजल्यावर होती. सकाळी सगळी सुखरूप घरी गेली, हे आमचे नशीब. शहरात चारशेंहून अधिक माणसे गेली. त्या पटांगणात आदल्या उन्हाळ्यातच फरशी घातली होती. मुलांचे पाय चिखलाने भरतात म्हणून अर्ज आम्हा शिक्षकांचाच होता, आणि त्यावर माझीही सही होती. ती फरशी नसती तर पूर आला नसता, असे मी म्हणत नाही. ९४४ मिलिमीटर पाऊस कोणतीच माती पोटात घेणार नाही. पण त्या शहरात किती पटांगणांसाठी असे किती अर्ज गेले असतील, हा विचार तेव्हापासून मला सोडीत नाही.

पुरावर उपाय सांगणारा अहवाल त्याआधी बारा वर्षे तयार होता. 'ब्रिमस्टोवॅड' असे अवघड नाव असलेली ही योजना १९९३ साली महापालिकेपुढे आली. तिला खरा वेग आला तो पुरानंतर. तिने गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरवर नेण्याचे ठरवले. हाजीअली, इर्ला, वरळी अशा ठिकाणी भरतीच्या वेळीही पाणी समुद्रात फेकणारे प्रचंड पंप बसले. हे काम आवश्यक होते. पण त्या योजनेतला गुणक पाहा: अर्ध्याचा एक झाला. म्हणजे पडेल तो प्रत्येक थेंब गटारात येणार, माती काहीही घेणार नाही, असे धरून चाला. मला हा आकडा मृत्यूच्या दाखल्यासारखा वाटतो. इंजिनियरांनी तो खोटा लिहिला नाही. शहराकडे पाहूनच लिहिला.

मग मातीचे नाव पुन्हा हजेरीपटावर घालता येते काय? अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने तसा प्रयत्न मांडला आहे. त्या शहरानेही आपले ओढे एकोणिसाव्या शतकात भुयारी गटारांत कोंडले. तेथे 'मिल क्रीक' नावाची वस्ती आहे आणि ओढा दिसत नाही. त्यांचे धोबीतलावच ते. जुन्या भागात सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहते, आणि पाऊस वाढला की सारी घाण नद्यांत जाते. केवळ मोठी भुयारे खोदण्याऐवजी त्या नगरपालिकेने २०११ साली पंचवीस वर्षांची योजना हाती घेतली: रस्त्याच्या कडेला पाणी जिरवणारे झाडांचे खड्डे, शाळांच्या पटांगणांत बागा, पाणी झिरपू देणारी फरसबंदी. कामाचे मोजमापही नवे ठरवले. एका एकरावर पडणारा पहिला इंचभर पाऊस अडवला की तो 'हिरवा एकर' वहीत जमा. असे सुमारे साडेनऊ हजार एकर करायचे आहेत. शिवाय २०१० पासून दुकाने-कारखान्यांना पावसाच्या पाण्याचे शुल्क त्यांच्या आवारातली जमीन किती झाकली आहे हे पाहून आकारले जाऊ लागले. जमीन झाकायची तर तिचे भाडे द्या, असा हा साधा न्याय आहे.

यात बेंटलीसाहेबांच्या शंकेलाही उत्तर आहे. पाणी साठवून ठेवायचे नाही. तीन दिवसांच्या आत ते जिरले किंवा निघून गेले पाहिजे, म्हणजे डासांची अळी वाढून उडेपर्यंत पाणी उरत नाही. जुना तलाव आणि नवा खड्डा यांत एवढा फरक आहे.

मुंबईत याची चाहूल अगदीच नाही असे नव्हे. मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात पूर आणि हिरवाई या दोन्ही विषयांना जागा मिळाली. हिंदमाताचे तुंबणारे पाणी धरून ठेवण्यासाठी २०२१ पासून दादर-परळमध्ये उद्यानाखाली व मैदानाखाली टाक्या बांधल्या गेल्या. शंभर वर्षांपूर्वी तलाव बुजवून मैदाने केली; आता मैदानांखाली तलाव करतो आहोत, तेही काँक्रीटचे. पण धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी, एके काळी शहराचा कचरा टाकत त्या सदतीस एकरांवर १९९४ साली निसर्गउद्यान झाले. उकिरड्यावर वन उभे राहते, तर मुंबईची माती मेली असे मला म्हणवत नाही.

दर दिवाळीत आमच्या चाळीतली मुले किल्ला करायला माती शोधत फिरतात. आवारात फरशी, गल्लीत डांबर, बागेत माळी ओरडतो. शेवटी बाजारातून प्लॅस्टरचा तयार किल्ला येतो. गेल्या वर्षी एका मुलीने मला विचारले, "सर, माती विकत मिळते का हो?" मी कुंडीतली ओंजळभर काढून दिली.

यंदा चाळीच्या सभेत आवाराची फरशी नवी करण्याचा ठराव आहे. विहिरीजवळची तीन हात जागा उघडी ठेवावी, एवढी दुरुस्ती मी सुचवणार आहे. चिखल होईल, अशी हरकत कोणीतरी घेईलच. एके काळी मीही घेतली होती.