मुरबाडची भेंडी आणि परदेशी पेठ

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भात हेच पिढ्यान्‌पिढ्यांचे मुख्य पीक. 1855 मध्ये वासिंदपर्यंत लोहमार्ग आला आणि मुंबईची पेठ जवळ झाली, तरी कापणीनंतर ज्या खाचरांना ओल वा पाणी असे, तेथेच भाजीपाला पिकत असे. त्याची पारख व्यापारी हाताने करीत. भेंडी कोवळी आहे, शेंडा कटकन मोडतो, एवढे पाहिले की सौदा पुरा होई.

पुढे हीच भेंडी आखाती देशांत आणि युरोपात जाऊ लागली, आणि पारखीचा अधिकार बांधावरून प्रयोगशाळेकडे गेला. 1995 मध्ये अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या प्रजेच्या व पिकांच्या रक्षणासाठी शास्त्राधारित नियम करण्याची मुभा दिली. युरोपाने ज्या कीटकनाशकाच्या अंशाची मर्यादा स्वतंत्रपणे ठरविली नाही, त्याकरिता सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा घातली.

हा आकडा भेंडीला विशेष जाचक ठरतो. भेंडीची तोडणी दिवसाआड करावी लागते, एरवी शेंग जून होऊन निर्यातीतून बाद होते. तुडतुडे आणि शेंगा पोखरणारी अळी मात्र फवारणीवाचून हटत नाहीत, आणि पुष्कळ औषधांना फवारणीनंतर दोन दिवसांहून अधिक थांबावे लागते. थांबावे तर माल जातो, न थांबावे तर अंश उरतो. निंबोळी अर्क, कामगंध सापळे आणि फवारणीची काटेकोर वही हाच त्यातला मार्ग, पण त्यालाही हात, पैसा आणि सल्ला लागतो.

1 मे 2014 पासून युरोपीय संघाने फळमाशीसारख्या किडींमुळे भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात बंद केली. आंब्यावरील बंदी 2015 च्या आरंभी उठली, भाज्यांवरील त्यानंतरही काही काळ राहिली. भेंडी त्या यादीत नव्हती; तथापि युरोपास जाणारा भाजीपाला मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच जावा, शेताची नोंद 'व्हेजनेट' या निर्यात-नोंदणी प्रणालीवर असावी, हा दंडक तिलाही लागू झाला. नोंदीस सात-बारा लागतो, आणि ज्या ठाकूर-कातकरी आदिवासी कुटुंबाच्या नावे तो उताराच नाही, त्याचा कष्टाचा माल दुसऱ्याच्या दाखल्यावर परदेशी जातो किंवा कल्याणच्या बाजारातच उरतो.

विषाचा अंश नको, ही परदेशी ग्राहकाची मागणी मला न्याय्यच वाटते. मात्र लंडनच्या ताटाला जी कसोटी, तीच कल्याणच्या ताटालाही लागावी, आणि ती पार पाडण्याचा खर्च चार गुंठे कसणाऱ्याच्या एकट्याच्या माथी न पडता निर्यातदाराने व सरकारनेही उचलावा.