धक्का कुठं जातो?

आजचा विषय पत्रिकेत वाचून दोघातिघांनी आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज काढलंत काय?" तसं काही नाही. झालं असं, की दिवाळीत आमचा नातू पुण्याहून डोंगरात चालवायची त्याची सायकल घेऊन अकलूजला आला. त्या सायकलीच्या सांगाड्यात मागच्या बाजूला वीतभर लांबीचा एक शॉकअप असतो. तो एकदा दबला तो वर येईचना. तो दुरुस्त होईल का, म्हणून आम्ही चार दिवस गावात हिंडलो. त्या हिंडण्यातून हे व्याख्यान निघालं.

आमचा प्रश्न साधा आहे. खड्डा चाकाला धक्का देतो. तो धक्का पुढं जातो कुठं?

सुरुवात आपल्या जुन्या बैलगाडीपासून करू. लाकडी चाक, त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव, आणि आखावर सरळ टेकलेला साटा. मध्ये स्प्रिंग नाही, काही नाही. धाव दगडावर आपटली की धक्का गाडीवानाच्या कंबरेत आणि जुवाखालच्या बैलाच्या मानेत. म्हणजे बघा, धक्का नाहीसा होत नाही. तो कुणीतरी घेतच असतं.

1887-88 च्या सुमारास बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप यानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनवला. हा डनलॉप पेशानं जनावरांचा डॉक्टर. पुढं तोच हवेचा टायर आपल्या ऊसवाहतुकीच्या गाडीला आला. माळीनगरचा कारखाना 1930 च्या दशकातला, शंकरनगरचा सहकारी कारखाना त्यानंतरचा. हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवर टायरगाड्यांची रांग लागते, ती आपण लहानपणापासून पाहतो. लेकराच्या सायकलीसाठी केलेली सोय बैलाच्या उपयोगी पडली. पण गाडी हलकी चालते म्हटल्यावर माणसानं काय केलं? उसाच्या मोळ्या वाढवल्या! वाचलेला त्रास पुन्हा बैलाच्याच मानेवर गेला. म्हणून 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली टेकू म्हणून आणखी एक चाक बसवून पाहिलं. त्याला त्यांनी 'सारथी' असं नाव दिलं. प्रश्न अजून संपलेला नाही, एवढंच यातून घ्यायचं.

आता टांग्याकडं येऊ. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडं घोडेबाजार भरतो, तेव्हा जुनी माणसं टांग्याच्या गोष्टी काढतातच. टांग्याला पोलादी पाटे असत. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट यानं 1804-05 च्या सुमारास बग्गीसाठी अशा कमानदार पाट्यांचं पेटंट घेतलं. पाट्यानं कंबर वाचली, पण नवी अडचण आली. पाटा धक्का साठवतो आणि लगेच परत देतो. खड्डा एक, उसळ्या चार!

या उसळ्या आवरायचं पहिलं साधन कुठं आलं असेल? चक्क सायकलीवर. 1898 च्या सुमारास त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसानं सायकलीच्या पुढच्या स्प्रिंगला घर्षणाची जोड दिली. एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या उसळी मारू देत नसत. घासलं की ऊब येते, आणि धक्का त्या उबेत जिरतो. तिथून ही कल्पना मोटारीत गेली. पुढं चकत्यांच्या जागी तेल आलं. बारीक भोकातून तेल ढकलायचं, म्हणजे तेल तापतं आणि उसळी मरते. आमच्या प्रश्नाचं पहिलं समाधानकारक उत्तर हेच: धक्का तेलात जातो.

हे आम्ही पुस्तकात नंतर वाचलं. आधी शिकलो ते एसटी स्टँडमागच्या एका मेस्त्रीकडं. 1972 मध्ये बजाज चेतक बाजारात आली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, असा तो काळ. आमची स्कूटर आली ती 1980 च्या दशकात. तिला मागं एकच शॉकअप. मागं सौ., पुढं मुलगा, पायाशी दळणाचा डबा. शॉकअप पार बसायचा. आम्ही मेस्त्रीला म्हणालो, "जरा कडक करून द्या." त्यानं नको नको म्हणत जाड तेल भरून दिलं. परिणाम काय? पहिल्या खड्ड्यात शॉकअप दबला. तो वर यायच्या आत दुसरा खड्डा आला, मग तिसरा. वेळापूर येईतो गाडी पुरती बसली. परत गेलो तर मेस्त्री हसला. म्हणाला, "सर, वजन स्प्रिंगनं पेलायचं, उसळी तेलानं आवरायची. तुम्ही तेलाला स्प्रिंगचं काम सांगितलं." मग त्यानं जरा ताठ स्प्रिंग घातली, तेल पहिल्यासारखं केलं, ऑइल सील बदललं. विभागणी कशी करावी, हे आम्हाला एवढ्या स्वच्छपणे विद्यापीठातही कुणी सांगितलं नव्हतं.

आता नातवाच्या सायकलीचं कूळ. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुणांनी जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यत लावली. तिचं नाव 'रीपॅक'. उतारावर ब्रेक इतका तापे, की मागच्या हबमधलं ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर ते नव्यानं भरावं लागे. त्या भरण्यावरून हे नाव पडलं. या खेळाच्या जन्मकाळातल्या गाजलेल्या शर्यतीचं नावच मुळी दुरुस्तीचं आहे! 1989 मध्ये रॉकशॉक्सचा पुढचा शॉकअप आला आणि 1990 च्या दशकात मागचाही रुळला. त्रुफोच्या सायकलीवरून निघालेली कल्पना नव्वदेक वर्षांनी पुन्हा सायकलीवर आली.

या मागच्या शॉकअपमध्ये बहुधा पोलादी स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय, तर इथं दोनशे-तीनशेपर्यंत. आत तेल, आणि तेलाला फेस येऊ नये म्हणून सरकत्या दट्ट्याच्या पलीकडं नायट्रोजन. ही युक्ती फ्रेंच अभियंता द कार्बों याची, 1950 च्या दशकातली. तुमच्यातल्या तरुणांनी पल्सरच्या मागच्या शॉकअपवर 'नायट्रॉक्स' लिहिलेली डबी पाहिली असेल. तिच्यातही तोच वायू.

आमचे स्कूटरवाले मेस्त्री आता सत्तरीला आलेत. त्यांच्याकडं शॉकअप नेला. त्यांनी व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली, तरी तो वर येईना. शेजारचा पोरगा पाना घेऊन सरसावला, तर त्याचा हात धरून म्हणाले, "हवा कुठं अडकलीय ते मला दिसत नाही. दिसत नाही ते मी खोलत नाही." मंडळी, त्यांचं बरोबर होतं. आतलं एक सील गेलं की हवा उलट्या बाजूच्या कप्प्यात शिरते आणि शॉकअप खाली ओढून धरते. अशा वेळी नळी पिळून उघडली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटू शकते.

पुण्यात पहिल्या ठिकाणी सांगितलं, "नवीनच घ्या." दुसऱ्या ठिकाणी योग्य हत्यारं होती. त्यांनी सील बदललं, तेल आणि नायट्रोजन नव्यानं भरला. हवेच्या कप्प्यात एक प्लॅस्टिकची चकती वाढवली, म्हणजे कप्पा लहान होतो आणि मोठ्या उडीत शॉकअप तळाला आपटत नाही. स्वार नुसता बसल्यावर शॉकअप पाव ते तीस टक्के दबला पाहिजे, त्या हिशेबानं नातवाच्या वजनाला हवा लावून दिली. हवेच्या नळीची साफसफाई साधारण पन्नास तासांच्या स्वारीनंतर करायची असते, हेही तेव्हा कळलं. आमच्या घरात ती कुणी केलीच नव्हती! म्हणजे दोष शॉकअपचा कमी आणि आमचाच जास्त.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो: चाक म्हणजे रथ का? आख म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ म्हणजे काय? या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव. शॉकअपचंही तसंच. सील बदलतं, तेल बदलतं, वायू बदलतो, राहते ती जुळणी. ती जुळणी ज्याला कळते, त्याच्या हातात ती वस्तू खरी असते. वस्तू उघडताच येऊ नये अशी बनवली, की ते कळणं गावातून निघून जातं. खर्चाचा धक्का गिऱ्हाईक घेतं, पण हुनराचा धक्का गावाला बसतो, आणि तो मुरवायला कुठलं तेल नाही.

मेस्त्रींनी ते जुनं सील मागून घेतलं आणि गल्ल्यावर ठेवलं. नातू आता त्यांना त्या शॉकअपच्या दुरुस्तीची माहितीपत्रकं वाचून दाखवतो, आणि ते त्याला सील नुसत्या बोटानं कसं तपासायचं ते शिकवतात. आपल्या भागातल्या आयटीआयच्या मुलांनीही अशा माणसांकडं चार दिवस बसावं, एवढी आमची विनंती आहे.

आम्ही इथं थांबतो. तत्त्वज्ञानाचे प्रश्न आम्हाला विचारा. शॉकअपचे मेस्त्रींना विचारा, ते मागच्या रांगेत बसलेत.